सेतुमामांचा मंत्र

सेतुमामांच्या कोर्टात आंबट ताक चालत नसे. वादी असो की प्रतिवादी, ओट्याची पायरी चढण्याआधी त्याने रुक्मामामींच्या हातचं ताक प्यायचं आणि मगच तोंड उघडायचं, असा नियम होता. कोणी पंचपात्रातून पिई, म्हणजे आमच्याकडच्या उभ्या पितळी भांड्यातून, तर कोणी खाली रस्त्यावर उभा राहून ओंजळीत घेई. त्या काळची शिवाशीव होतीच, ती नव्हती असं लिहिण्यात अर्थ नाही. पण ताक सगळ्यांना एकाच डेऱ्यातलं, आणि ते गोड आहे की नाही हे मामा स्वतः आधी चाखून बघत.

"उन्हातून आलेला माणूस रागावलाय की तहानलाय हे आधी कळायला हवं," ते म्हणत. "ताक पिऊनसुद्धा राग उरला, तर खटला खरा."

बरेच खटले ताकावरच मिटत. माणसं पंचपात्र खाली ठेवून एकमेकांकडे बघत, आणि मग एकजण म्हणे, "जाऊ द्या रायरे, आम्ही बघतो आमचं." तमिळ लोक आम्हा मराठी घरांतल्या पुरुषांना रायर म्हणतात. मामांना अशा वेळी आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचं तोंड जरा उतरे. निकाल द्यायचा राहिला म्हणून.

त्यांचं घर आणि आमचं घर एका भिंतीचं. कुंभकोणमला लागून, कावेरीच्या काठाला मेलकावेरी म्हणून वस्ती आहे, तिथे आमची पाच-सहा मराठी घरं होती. तंजावरच्या राजांच्या वेळी आमचे पूर्वज इकडे आले. पुढे राज्य इंग्रजांनी घेतलं, राजवाड्यातल्या चाकऱ्या गेल्या आणि घरं जिकडे पोट भरेल तिकडे पांगली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी आमची रीत. एकदा महाराष्ट्रातून कोणी पाहुणे आले होते, त्यांतल्या बायका आमची मराठी ऐकून पदराआड हसल्या. तेव्हापासून मी परक्या माणसासमोर तीही बोलत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. बाळबोध लिहायला वडिलांनी शिकवलं, त्यावरच हे लिहिते आहे.

लग्न होऊन मी मेलकावेरीला सासरी आले तेव्हा मामा नुकतेच जज्ज झाले होते. सरकारने त्या सुमारास लहान तंट्यांसाठी पंचायत कोर्टं काढली होती. बांधावरची भांडणं, शिवीगाळ, मोडतोड, असलं काही तिथे चाले. वकिलांना मज्जाव. पंच लोकांनी निवडायचे, आणि त्यांतला एक प्रमुख. कोर्टाला जागा नव्हती म्हणून मामांच्या ओट्यावरच ते भरे. आमच्या पुढच्या खोलीची खिडकी त्या ओट्यावर उघडायची. मी सूप घेऊन तांदूळ निवडत तिथे बसे. खिडकीला लाकडी गज होते, बाहेरून आतलं दिसत नाही असं मला वाटे.

एकदा कोर्ट उठल्यावर मामा खिडकीशी आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "पोरी, ऐकतेस ते बरं आहे. पण मान हलवूं नको. वादीला आधीच कळतं कोण जिंकणार."

मी सूप तिथेच टाकून आत पळाले. पुढे तीन वर्षं मी तिथे बसले, पण मान धरून.

मामा उंच आणि काटकुळे. कानांत लाल खड्यांच्या कुड्या. आवाज इतका बारीक की मागे उभी असलेली माणसं "काय म्हणाले? काय म्हणाले?" करीत. आयुष्यभर त्यांनी कुंभकोणमला मुन्सफाच्या कोर्टात नकला केल्या. साहेबांनी निकाल लिहायचा आणि मामांनी त्याच्या प्रती काढायच्या. "अमुक साहेबांचे निकाल मी लिहिले," असं ते सांगत, आणि मामी आतून म्हणत, "लिहिले नाहींत, उतरवलेत." पेन्शन घेऊन घरी बसल्यावर पहिल्या निवडणुकीत कोणी उभं राहायला तयार नव्हतं. देवळापुढच्या मांडवात हात वर करायला सांगितले, लोकांनी केले, आणि मामा निवडून आले. तेव्हापासून निकाल त्यांच्या तोंडचा आणि नकला दुसऱ्याने करायच्या. यापेक्षा मोठं सुख त्यांना माहीत नव्हतं.

कोर्टाच्या दिवशी ते आजोबांची पगडी घालत. आजोबा तंजावरला राजवाड्यात कोठीवर होते. राजवाड्यातलं घरात उरलेलं एवढंच. पगडी घातली की जज्ज, उतरली की सेतुमामा. हे सगळ्या मेलकावेरीला पाठ होतं. हरलेला माणूस मुकाट्याने पायरीवर बसून राही. मामांनी पगडी खुंटीला लावली की तो उठून म्हणे, "आता बोलू का, रायरे?" "बोल." मग तो मामांना मनसोक्त शिव्या देई. मामा जानव्याने पाठ खाजवीत ऐकत. कोणी चांगलं रचून बोललं तर "बेष!" म्हणत. एकदा एका तेल्याने त्यांच्या अकलेची तुलना घाण्याच्या बैलाशी केली. मामा म्हणाले, "बैल नाको. बैल निदान फिरतो. मी बसून असतों." तेली हसला आणि घरी गेला.

पण लोक मामांना खरे मानत ते त्यांच्या मंत्रामुळे. दोन्हीकडचं ऐकून झालं की मामा डोळे मिटत, मान जरा घराच्या दाराकडे वळवत आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत. थोडा वेळ थांबत. पुन्हा पुटपुटत. मग डोळे उघडून तमिळमध्ये निकाल सांगत. रायर निकालाआधी कुळदेवाला विचारतात, अशी गावात समजूत होती. कोणी त्या वेळी खोकलं तरी शेजारचा त्याला दटावी.

मंत्र कसला होता ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तो नाचियारकोविलच्या समईचा खटला होता. तिथला एक कासार आपली समई परत घेत नव्हता. विकत घेणारी बाई म्हणे समई डुगडुगते, कासार म्हणे तुमची जमीन वाकडी. मामांनी समई ओट्यावर ठेवायला लावली. डुगडुगली. कासार म्हणाला, "रायर रागावणार नसतील तर सांगतो, हा ओटासुद्धा वाकडा आहे." मामांनी ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं, ते सरळ रस्त्याकडे वाहत गेलं. बाई म्हणाली, "मग काय दिव्यासाठी घर पाडून बांधू?" मामांनी डोळे मिटले.

मी गजाला कान लावला. ते मराठीत म्हणत होते, "अगे, ओटा खराच वाकडा आहे. आतां काय करूं?"

दाराआड रुक्मामामी डाळ घोटत होत्या. रवी न थांबवता त्या म्हणाल्या, "समई कोण भुईवर ठेवतं? ताटांत तांदूळ पसरा नी त्यांत ठेवा म्हणावं. ही बाई सासुरवाशीण आहे का कोण?"

मामांनी डोळे उघडले आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "दिवा म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीला धान्याचं आसन द्यावं. ताटात तांदूळ पसरून समई त्यात ठेवावी. डुगडुगली तर कासाराने परत घ्यावी." ताट आलं, तांदूळ आले, समई हलली नाही. कासाराने मामांना लांबून दंडवत घातला. मामी आत म्हणाल्या, "तांदूळ भरून ठेवा म्हणावं, रस्त्यावर नाको सांडायला."

असं ते चाले. आमची भाषा म्हणजे मामांना घरातली आतली खोली वाटे. दार उघडं असलं तरी तिथे परका कोणी येत नाही. ओट्यावर माणसांची दाटी असली तरी ते मामींशी बेधडक बोलत. अमका खोटं बोलतो, तमक्याच्या तोंडाला ताडीचा वास आहे, आज आमटी कसली आहे, अस्कं एका सुरात. अस्कं म्हणजे सगळं. एकदा दोघी शेजारणी शिवीगाळीची तक्रार घेऊन आल्या. कोणती शिवी दिली ते चारचौघांत सांगेनात. मामांनी दोघींना आत पाठवलं, मामींच्या कानात सांगा म्हणाले. थोड्या वेळाने मामी मराठीत म्हणाल्या, "एकीच्या शिव्या जुन्या आहेत, दुसरीच्या नव्या. मला तर जुन्याच बऱ्या वाटल्या." मामांना हसू आवरेना. त्यांनी पगडी तोंडापुढे धरली, आणि लोकांना वाटलं आज देव अंगात आला.

तीन वर्षं अशी गेली आणि दुसरी निवडणूक आली. तोवर गावात दोन कक्षी, म्हणजे पक्ष, झाल्या होत्या. एक खादीवाल्यांची, दुसरी जमीनदारांची. पूर्वी ज्या गोष्टीसाठी नुसते हात वर होत, तिला आता रंगीत पेट्या आल्या. अक्षर न येणाऱ्यांना कळावं म्हणून प्रत्येक उमेदवाराच्या पेटीला वेगळा रंग. खादीवाल्यांनी आपला माणूस उभा केला, पिवळी पेटी. मामा कुठल्याच कक्षीचे नव्हते. पण नुसतं मामा म्हणून उभं राहिलं तर मत कोण देणार, हे आता त्यांनाही कळत होतं.

तेव्हा कंदस्वामी पिळ्ळै आले. जमीनदारांच्या कक्षीचं मेलकावेरीत तेच पाहत. भाताचे गाडे, बैल, वरच्या रस्त्याची सगळी कुळं त्यांच्या हातात. माणूस गोड बोलणारा. ओट्यावर बसून ताक प्याले आणि म्हणाले, "रायरे, हिरवी पेटी तुमची. वरचा रस्ता मी सांभाळतो. तुम्हांला फक्त दोन घरी नमस्कार करायला लागेल."

"नमस्कार करतोच मी रोज," मामा म्हणाले.

"तो देवाला. हा मतदाराला. हा जरा वाकून करायचा असतो."

मामांनी हिरवी पेटी घेतली. मत मागायला ते दारोदार जाऊ लागले, पण त्यांना मागता येत नसे. दारात उभे राहून ते विचारत, "तुमच्या मोरीचा तंटा मिटला ना?" आणि परत येत. सकाळी आरशासमोर वाकून नमस्कार करून बघत. मामी म्हणत, "कंबर धरेल. साहेबांच्या कोर्टांत तीस वर्षं वाकलांत ते पुरे नाही का झालं?"

"ते पोटासाठी होतं गे," मामा म्हणाले. "हे माझ्यासाठी आहे."

ते इतक्या हळू म्हणाले की मामींनी पुढे काही चेष्टा केली नाही. एक गंमत मात्र होती. इन्नंबूरला मामींच्या माहेरची थोडी भातशेती त्यांच्या नावावर होती, तिचा सारा त्या भरत, म्हणून सरकारच्या यादीत त्यांनाही मत होतं. आमच्या सगळ्या घरांत मत असलेली बाई एकटी तीच. मामा रोज एकदा विचारत, "हिरवी, लक्षांत आहे ना?" मामी म्हणत, "बघूं. आधी पिवळी किती पिवळी आहे तें तर पाहूं दे."

निवडणूक जवळ आली आणि तुळशीरामाचा खटला आला.

आमच्या मागच्या रस्त्यावर सौराष्ट्री विणकरांची घरं आहेत. रेशमी लुगडी विणतात. पहाट सरली की ते रस्त्यावर ताणा लावतात. लाकडी घोड्या उभ्या करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेशमाचे धागे ताणायचे, पेजेचा हात फिरवायचा, तुटलेला धागा सांधायचा. ऊन तापायच्या आत गुंडाळून आत न्यायचं. तेवढा वेळ तो रस्ता त्यांचा. गाडीवान कोपऱ्यावर बैल थांबवून विडी ओढतात. असं कुठे लिहिलेलं नाही, पण पूर्वीपासून आहे.

त्या दिवशी पिळ्ळै गाडीतून स्टेशनला निघाले होते. उशीर झाला होता. गाडीवान कोपऱ्यावर थांबला, तर ते म्हणाले, "हाक." गाडी ताण्यातून गेली. तुळशीरामाच्या घरचं ते लग्नाच्या लुगड्यांचं रेशीम होतं. धागे बैलांच्या शिंगांना गुंडाळून पार नदीच्या वाटेपर्यंत गेले, असं आमची पाणी भरणारी बाई सांगत आली.

तुळशीराम शांत माणूस. पन्नाशीचा, डोळे सतत धाग्यावर ठेवून बारीक झालेले. कोर्टात तो कमी बोलला. "रस्ता सरकारचा आहे हे मला माहीत आहे. पण सकाळचा रस्ता आमचा आहे. एवढं रायरांनी सांगावं, आणि मोडलं ते पिळ्ळैंनी सांधून द्यावं."

पिळ्ळै हसत म्हणाले, "मग उद्या कोणी रस्त्यावर पापड वाळत घालील आणि म्हणेल, गाड्या थांबवा."

दोघांनी ताक प्यायलं होतं. मामांनी दोघांचं ऐकलं, डोळे मिटले, मान दाराकडे केली. मी तांदळात हात घालून बसले होते.

"खरं तुळशीरामाचंच आहे," मामा मराठीत पुटपुटले. "गाडी थांबवायलाच पाहिजे होती. पण आज सांगितलं तर वरचा अस्का रस्ता हातचा जाईल. निवडणूक होऊं दे. मग सांगतों."

रवी थांबली. "नाको," मामी आतून म्हणाल्या. "ताकासारखंच आहे हें. ठेवलं की आंबतं."

"तूं गप गे. थोडे दिवस तर आहेत."

मामांनी डोळे उघडले आणि तमिळमध्ये सांगितलं की प्रकरण अवघड आहे, जुनी वहिवाट तपासायला हवी, निकाल पुढे कळवला जाईल. पिळ्ळै उठले आणि दोन्ही हात जोडून, बरंच वाकून नमस्कार करून गेले. लोक पांगले. तुळशीराम मागे राहिला. त्याने आपलं पंचपात्र विसळलं आणि दाराशी जाऊन मामींच्या पुढे ठेवलं. आणि मराठीत म्हणाला, जरा निराळा हेल होता पण मराठीच, "ताक बरं होतं, मामी. निवडणूक झाल्यावर परत येतों."

मी इतकी दचकले की सुपातले तांदूळ सांडले.

मामा पगडी काढत होते. ती त्यांच्या हातातच राहिली. "तुला कळतं?" ते म्हणाले, आणि तेही तमिळमध्ये, जसं काही आता मराठीत बोलायची चोरी झाली होती.

"आमच्या घरची बोली तुमच्यापासून फार लांबची नाही, रायरे. आमचे वाडवडील सौराष्ट्रातून निघून तुमच्याच देशावर राहिले, मग खाली उतरले. तुम्ही आमच्याशी तमिळ बोलता, आम्हीही तमिळ बोलतों. म्हणून तुम्हांला ठाऊक नाही."

"कधीपासून कळतं?"

"पहिल्यापासून. समईचा निकाल मामींचा, तेंही माहीत आहे." तो पायरीकडे वळला. "पण मी कोणाला नाही सांगितलं. लोक मंत्र म्हणतात, तर असूं दे मंत्र."

एवढं बोलून तो गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मामांना फार लागलं असावं. तो ओरडला असता तर पगडी उतरलेली होतीच, त्यांनी ऐकून घेतलं असतं.

त्यानंतर काही दिवस शेजारच्या घरातून आवाज येईना. एरवी विहिरीवर बादली आपटली तरी दोघांचं काही ना काही बोलणं चाले. आता मामा मामींशी कुजबुजत बोलायला लागले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "सेतूचं घर आजारी आहे वाटतं."

एकदा मी कढी द्यायला गेले, तर मामा झोपाळ्यावर बसले होते आणि मामी समोर खाली. मला बघूनही ते थांबले नाहीत.

"त्याने कोणाला सांगितलेलं नाही," मामा म्हणाले. "सांगणारही नाही. तसा माणूस नाही तो."

"नाही."

"मग?"

"मग काय? खा कढी."

"उठून जातों म्हटलं या खटल्यांतून, तर बाकीचे दोघे पंच पिळ्ळैची माणसं. तुळशीराम हरतो."

"हो की."

"आणि बसून निकाल दिला, तर जज्जगिरी जाते."

"हो की." मामींनी वाटीत कढी वाढली. "पहिल्यांदा तुमच्या कोर्टांत तुमचाच खटला आला आहे. ताक नाही, पण कढी आहे. प्या, मग बोला."

पुढच्या कोर्टाला ओटा भरून रस्त्यावर माणसं उभी होती. मतदान अगदी तोंडावर आलेलं. त्या दिवशी तुळशीरामाचा खटला पुकारायचा नव्हता, पण मामांनी पहिला तोच पुकारला. पिळ्ळै दुसऱ्या कामासाठी आले होते, ते पुढे येऊन बसले. लोकांना वाटलं आता मंत्र होणार. मामांनी डोळे मिटले नाहीत. पगडी दोन्ही हातांनी नीट बसवली.

"मागच्या वेळी मी इथे काही पुटपुटलो," ते तमिळमध्ये म्हणाले. "तुम्ही त्याला मंत्र म्हणता. तो मंत्र नव्हे. ती आमची घरची भाषा. मी बायकोला विचारत असतो. त्या दिवशी काय म्हणालो ते आता तुमच्या भाषेत सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. वरचा रस्ता हातचा जाईल, हेसुद्धा. मामी "नाको" म्हणाल्या आणि आपण त्यांना गप बस म्हटलं, हेसुद्धा. तीस वर्षं नकला केलेला माणूस, स्वतःच्या बोलण्याचीही त्याने चोख नक्कल काढली. त्यांचा आवाज बारीकच होता, पण त्या दिवशी मागून कोणी "काय म्हणाले?" असं विचारलं नाही.

"हे ऐकल्यावर," मामा म्हणाले, "मी या खटल्यात बसावं की नाही ते या दोघांनी सांगावं."

तुळशीराम म्हणाला, "बसावं."

सगळ्यांनी पिळ्ळैंकडे बघितलं. पिळ्ळैंनी पान तोंडात घातलं, सावकाश चावलं आणि म्हणाले, "मी कशाला नको म्हणू? निकाल तर तुम्ही मागेच दिलात, रायरे. मला कळला नव्हता एवढंच."

मामांनी निकाल दिला. ताणा गुंडाळून होईपर्यंत गाड्यांनी कोपऱ्यावर थांबावं. मोडलेलं रेशीम पिळ्ळैंनी भरून द्यावं. बाकीच्या दोघा पंचांनी पिळ्ळैंच्या तोंडाकडे बघितलं, ते पानच चावत होते, म्हणून त्यांनीही माना हलवल्या. मीही हलवली. मला वाटतं त्या दिवशी चाललं असतं.

पिळ्ळै उठले, वहाणा घातल्या आणि जाता जाता हसून म्हणाले, "बेष, रायरे. हिरवी पेटी मात्र आता नुसती पेटी राहिली हं."

रेशीम त्यांनी दुसऱ्या दिवशी पोचतं केलं. माणूस तसा बोललेलं पाळणारा. पेटीचंही त्यांनी पाळलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी तुळशीराम आला. ओट्याखालीच उभा राहिला. "रायरे, आमच्या रस्त्याचं ठरलं आहे. आम्ही खादीवाल्यांचे. पिवळी पेटी. मला एकट्याला ते मोडता येत नाही."

"मी तुला विचारलं का?" मामा म्हणाले.

"नाही विचारलंत. म्हणून सांगायला आलो."

"ताक पिऊन जा."

तो ताक पिऊन गेला.

मामा हरले. हिरव्या पेटीत तळ झाकेल इतकीही मतं नव्हती, असं आमच्याकडे सांगत आले. त्या दिवशी मामांनी जेवताना विचारलं, "तूं कोणत्या पेटींत घातलंस गे?" मामी म्हणाल्या, "तें सांगायचं नसतं. सरकारचा हुकूम आहे." मामा पुढे पुन्हा पुन्हा विचारत राहिले, कधी रागाने, कधी लाडाने, एकदा तर पगडी घालून विचारलं. मामींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण मतदान झालं त्या दिवशी त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. त्याने काही सिद्ध होत नाही, हे मीही मामांकडूनच शिकले आहे.

कोर्ट शाळेत गेलं. तिथे बाकं होती, ताक नव्हतं. पगडी खुंटीवरच राहिली. लोक काही दिवस मामांकडे बघून ओशाळत, मग तेही राहिलं. मामा ओट्यावर बसून सुपारी कातरत. वाकडा ओटा एकदा गवंड्याला दाखवला, पण दुरुस्त केला नाही.

पुढे यांची बदली नागपट्टणमला झाली आणि आम्ही मेलकावेरी सोडलं. निघायच्या सकाळी मी कावेरीवर शेवटचं पाणी आणायला गेले होते. येताना मागच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गाड्या थांबलेल्या दिसल्या. नव्या कोर्टाला जुन्या निकालाचं काही पडलेलं नव्हतं आणि पिळ्ळैंचे गाडीवान पुन्हा घाई करायला लागले होते, हे मला ऐकून माहीत होतं. म्हणून मला नवल वाटलं. घागर कमरेवर घेऊन मी भिंतीकडेने पुढे गेले.

रस्त्याच्या तोंडाशी सेतुमामा उभे होते. उघडं डोकं, खांद्यावर पंचा. हातातली मिटलेली छत्री त्यांनी आडवी धरली होती, बैलांच्या नाकासमोर. मागे दूरपर्यंत रेशीम ताणलेलं, लाल आणि हळदी, आणि त्यावर वाकलेली माणसं.

पुढच्या गाडीवरचा गाडीवान तरुण होता. तो म्हणाला, "रायरे, तुम्ही आता जज्ज आहात का?"

"नाही," मामा म्हणाले. "म्हणून तर उभा आहे. जज्ज होतो तेव्हा बसून होतो."

गाडीवानाने कपाळाला हात लावला आणि विडी पेटवली. मागचे गाडीवान खाली उतरले. मामांचा हात दुखत असावा, त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मी तिथे थांबायचं कारण नव्हतं, पण थांबले. ऊन घरांच्या कौलांवरून खाली उतरत होतं.

मग ते मागे वळले आणि रस्त्याच्या त्या टोकाला त्यांनी हाक मारली. त्यांचा आवाज इतका मोठा निघतो हे मला माहीत नव्हतं. भर रस्त्यात, सगळ्या गाडीवानांदेखत, त्यांनी मराठीत विचारलं, "झालं का रे?"

तुळशीरामाने शेवटची घोडी उचलली. "झालं, मामा," तिकडून उत्तर आलं. "सोडा आतां."

मामांनी छत्री खाली घेतली आणि बैल चालायला लागले.